पेट्यूनियाचे बी व पेट्यूनियाचे नाव: गडचांदूरच्या चुनखडीच्या मुलखासंबंधी एक टिपण

इ. स. १८३१ ह्या वर्षी मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी, ब्युनॉस आयरिसहून आलेल्या बियांपासून वाढविलेल्या एका रोपाला जांभळी फुले आली व विल्यम हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि शब्दांच्या अभ्यासकाला त्या शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटतात. कारण मोल्सवर्थच्या कोशात मेक्सिकोहून आलेला झेंडू अस्सल मराठी शब्दांच्या पंक्तीत बसलेला आहे, आणि ग्लासगोला फुललेले ते जांभळे फूल आज विदर्भाच्या टोकाला असलेल्या गडचांदूरच्या ओसऱ्यांवर टांगलेल्या कुंड्यांतून लोंबत असले तरी त्याला मराठी नाव मिळालेले नाही. रोपवाटिकांच्या पाट्यांवर ते कधी पेट्यूनिया, कधी पेटुनिया, कधी पिटोनिया असते. असे का झाले, ह्याचा शोध घेता घेता बी पेरण्याच्या पद्धतीपर्यंत जाऊन पोहोचावे लागते.

गडचांदूर हे स्थळ ह्या विचाराला सोयीचे आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील हे गाव. ‘गड’ ह्या पूर्वपदामुळे ते अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार व चांदूर रेल्वे ह्यांपासून निराळे ओळखले जाते, आणि दक्षिणेच्या डोंगरात माणिकगडाचा किल्ला आहे. कोरपना हा पूर्वीच्या राजुरा तालुक्यातून निघालेला तालुका. राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला व पुढे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यास जोडला गेला. साहजिकच मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि दख्खनी वळणाची उर्दू ह्या सर्व भाषा येथील आठवडी बाजारात एकमेकींच्या कानांवर पडतात. फुलाला मराठी माणूस फूल म्हणतो, तेलुगू माणूस पुव्वु म्हणतो, गोंड पुंगार म्हणतो. १९८० च्या दशकात येथे व आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, कारण जमिनीखाली पैनगंगा गटाची चुनखडी पसरलेली आहे. कारखान्यांबरोबर वसाहती आल्या, वसाहतींबरोबर हिवाळी फुलांच्या बागा आल्या. चुनखडीचा ह्या फुलाशी काय संबंध आहे, ते पुढे येईल.

प्रथम नावाकडे वळू. ‘पेट्यूनिया’ ह्या शब्दाच्या मुळाशी ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांच्या भाषेतील ‘पेतुन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ तंबाखू. आंद्रे थेवे ह्या फ्रेंच प्रवाशाने १५५७ साली प्रसिद्ध केलेल्या ब्राझीलच्या वर्णनात पेतुनचा उल्लेख आहे. फ्रेंच भाषेत ‘पेतुन’ हे नाम व तंबाखू ओढणे ह्या अर्थाचे ‘पेतुने’ हे क्रियापद काही काळ चांगले रुळले होते. पुढे कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आलेल्या ‘टबाको’ ने त्याला हुसकले. फ्रान्सच्या वायव्य कोपऱ्यातील ब्रेतों भाषेत मात्र तंबाखूला अद्याप ‘बुतुन’ म्हणतात. प्रमाणभाषेने टाकलेला शब्द सीमेवरच्या बोलीने जपून ठेवावा, हा प्रकार राजुरा-कोरपन्याकडच्या वाचकाला परका वाटणार नाही.

टबाकोची वाट भारतापर्यंत आली आणि तीही दख्खनमधून. अकबराचा अधिकारी असद बेग हा १६०४-०५ च्या सुमारास विजापूरच्या दरबारी गेला असता त्याला तेथे तंबाखू आढळला; उत्तरेकडे तो नवीन होता, म्हणून त्याने रत्नजडित नळीसह तो बादशहास नजर केला. पोर्तुगीज शब्दाला फारसीच्या द्वारा अनुस्वार व महाप्राण चिकटून मराठीत ‘तंबाखू’ सिद्ध झाला. तेलुगूने निराळा मार्ग धरला. तिने परकी नाव नाकारून ‘पोगाकु’ हा शब्द घडविला: पोग म्हणजे धूर, आकु म्हणजे पान. एकाच बाजारात, एकाच गोणीतील पानाला, एका गिऱ्हाइकाने कॅरिबियन नावाने हाक मारावी व दुसऱ्याने धुराचे पान म्हणावे, ही गोष्ट गडचांदूरसारख्या गावात रोजची आहे. आणि त्याच पानाचे तिसरे, ब्राझीलचे नाव त्याच गावात फुलांच्या कुंडीवर आहे, हे त्या दोघांपैकी कोणाच्याही ध्यानी येत नाही.

तंबाखूचे नाव फुलाला कसे लागले? लामार्कने १७९३ मध्ये ह्या कुळातील पांढऱ्या फुलाच्या जातीला तंबाखूच्याच प्रजातीत घालून ‘निकोटियाना अक्सिलारिस’ म्हटले होते. ‘निकोटियाना’ हे नाव झाँ निको ह्या फ्रेंच वकिलावरून पडले. त्याने १५६० मध्ये लिस्बनहून फ्रान्सच्या राजदरबाराकडे तंबाखू पाठविला होता. पुढे आंत्वान लोराँ द जुस्यू ह्याने १८०३ मध्ये ह्या वनस्पती तंबाखूपासून वेगळ्या काढल्या. पण नाते दाखविण्यासाठी म्हणून अडगळीत गेलेला ‘पेतुन’ शब्द उचलून त्याला लॅटिन प्रत्यय जोडला. अशा रीतीने बोलण्यातून नाहीसा झालेला शब्द शास्त्राच्या परिभाषेत जिवंत राहिला. वांगे, मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि पेट्यूनिया ही सारी एका कुळातील भावंडे आहेत.

जुस्यूने हाताळलेले नमुने फिलिबेर कोमेर्सों ह्याने ला प्लाता नदीच्या मुखाशी, माँटेव्हिडिओच्या परिसरात, १७६७ साली गोळा केले होते. कोमेर्सों हा बूगँव्हिल ह्या फ्रेंच दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेतील निसर्गशास्त्रज्ञ. त्याच्या सोबत पुरुषवेषात असलेली सहायिका झान बारे हिने पुढे ही प्रदक्षिणा पुरी केली व पृथ्वीभोवती फिरून आलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद झाली. ह्याच प्रवासात, त्याच वर्षी, रिओ द जानेरो येथे कोमेर्सोंच्या संग्रहात आणखी एक झुडूप आले. जहाजाच्या कप्तानाचे नाव त्याला मिळाले. त्याला आज महाराष्ट्रात लहान मूलही ओळखते: बोगनवेल.

एकाच जहाजावरून, एकाच माणसाच्या संग्रहातून निघालेल्या दोन वनस्पतींपैकी एकीचे नाव मराठी झाले व दुसरीचे झाले नाही, हा योग भाषेच्या अभ्यासकाला सहसा मिळत नाही. बोगनवेलीच्या बाबतीत खुलासा सोपा आहे. मूळ नावातील शेवटचे अक्षरसमूह ‘व्हिल’ हे मराठी कानाला ‘वेल’ असे ऐकू आले; झाड भिंतीवर चढणारे असल्याने अर्थही जुळला; आणि ‘बोगन’ ह्या निरर्थक अवशेषाला कोणी हरकत घेतली नाही. ह्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अपरिचित शब्दातला एखादा तुकडा परिचित शब्दासारखा वाटला, की बोलणारा त्या तुकड्याला धरून सबंध शब्द आपल्या घरात ओढून घेतो. ‘पेट्यूनिया’त असा धरण्याजोगा तुकडा नाही. ‘पेट’ आहे खरा, पण मराठीत त्याचा अर्थ फुलाजवळ नेणारा नाही.

येथे एक छोटी गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जुस्यूने पांढऱ्या पेट्यूनियाला जे जातिनाम दिले, ‘निक्टाजिनिफ्लोरा’, त्याचा अर्थ ‘गुलबक्षीसारख्या फुलाचा’ असा होतो. संध्याकाळी उमलणारी, सुवासिक, लांब नळीची गुलबक्षी ही दक्षिण अमेरिकेचीच. पण तिच्या नावात फारसी ‘गुल’ आहे व ती मराठी अंगणात इतकी जुनी झाली आहे की तिच्यावरून मराठीने एका रंगाचे नावही सिद्ध केले. जांभळट किरमिजी वस्त्राला मराठी बाई गुलबक्षी म्हणते. लोंबत्या पेट्यूनियाच्या सर्वांत गाजलेल्या वाणाचा रंग नेमका तोच आहे. म्हणजे फुलाचा रंग मराठीत सांगता येतो. फुलाचे नाव येत नाही.

ग्लासगोच्या जांभळ्या फुलाकडे परत येऊ. ते बी जेम्स ट्वीडी ह्या स्कॉटिश माळ्याने पाठविले होते. पन्नाशीच्या वयात, १८२५ मध्ये, तो अर्जेंटिनास गेला व पुढील आयुष्यभर तेथून बी पाठवीत राहिला. पांढरी जात ह्यापूर्वीच, १८२३ च्या सुमारास, इंग्लंड-स्कॉटलंडच्या बागांत पोहोचली होती. दोन्हींचा संकर होण्यास वेळ लागला नाही. १८३४ च्या सुमारास नॉर्दॅम्प्टनच्या ॲटकिन्स नावाच्या रोपवाटिकाकाराकडील संकरित रोपे प्रसिद्धीस आली व बागेतील आजच्या सर्व पेट्यूनियांचा वंश ह्या संकरातून सुरू होतो.

नॉर्दॅम्प्टन परगणा मराठीच्या अभ्यासकाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो. विल्यम कॅरी ह्याचा जन्म तेथे १७६१ मध्ये झाला. बंगालमधील श्रीरामपूर येथे त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मोडी लिपीत मराठीचा कोश छापला. आणि ह्याच कॅरीने १८२० मध्ये कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्या मंडळाची स्थापना केली. इंग्लंडहून आलेले बियांचे पोते रिकामे झाल्यावर त्याने ते एका कोपऱ्यात झटकले आणि काही दिवसांनी तेथे इंग्लिश डेझी उगवली, ही हकीकत त्याच्या चरित्रांत येते. कोशकार आणि बियांचा हौशी संग्राहक ह्या दोन्ही भूमिका एकाच माणसात असलेल्या त्या काळी, परदेशी फुलांना देशी नावे मिळण्याची संधी खरोखरी होती. पण ॲटकिन्सचा संकर गाजू लागला त्याच वर्षी, १८३४ च्या जूनमध्ये, कॅरी निवर्तला. आणि डेझी मराठीत डेझीच राहिली.

पश्चिम भारतात उद्यानविद्येचे केंद्र पुणे झाले. तेथील कृषि-उद्यान संस्था १८३० मध्ये स्थापन झाली; एम्प्रेस गार्डन तिच्याच देखरेखीखाली आहे व तेथील जानेवारीतील पुष्पप्रदर्शन पुणेकरांना सुपरिचित आहे. गणेशखिंडीच्या बागेचे अधिक्षक वुड्रो ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील बागकामावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. हिवाळी वार्षिक फुले ह्या काळात साहेबी बंगल्यांच्या वाफ्यांतून रूढ झाली आणि त्यांचे बी कागदी पाकिटांतून येई. पाकिटावर इंग्रजी नाव छापलेले असे. माळी मराठी, फूल ब्राझीलचे, पाकीट इंग्रजी. नाव ठेवण्याचे काम पाकिटाने आधीच उरकून टाकलेले असे.

येथे काळ हेच कारण, असे म्हणण्याचा मोह होतो. पोर्तुगीजांच्या वेळी जी फुले आली ती मराठी झाली, इंग्रजांच्या वेळी आली ती झाली नाहीत. हा नियम गुलमोहराने मोडतो. मादागास्करचे हे झाड युरोपीय वनस्पतिशास्त्राला १८२० च्या दशकात माहीत झाले, म्हणजे जांभळ्या पेट्यूनियाचे ते समवयस्कच. तरी त्याला ‘गुल’ व ‘मोहर’ जोडून एक सुंदर नाव मिळाले. फरक जागेचा आहे. गुलमोहर हमरस्त्यावर उभा राहिला. ऐन वैशाखात, जेव्हा दुसरे काही फुलत नाही तेव्हा, तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडला, आणि ज्याचा निर्देश करावा लागतो त्याला लोक नाव देतात. झेंडू आणि निशिगंध बाजारात वजनावर विकले जातात. विकणाऱ्याला ओरडून काही म्हणावे लागते. दसऱ्याच्या तोरणात, देवाच्या हारात, लग्नाच्या मांडवात त्यांचा उच्चार पुनःपुन्हा होतो. पेट्यूनियाची पाकळी पातळ व देठ चिकट. दोऱ्यात ओवले की तासाभरात फूल मलूल पडते. त्यामुळे हार नाही, गजरा नाही, टोपली नाही. कुंपणाच्या आत, कुंडीत, डिसेंबर ते मार्चपर्यंत फुलायचे व उन्हाळ्याच्या तोंडी मरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. त्याचे नाव घेण्याचा प्रसंग मालकालाही थोडाच येतो.

दुसरे कारण बियाचे आहे आणि तेच अधिक विचारार्ह वाटते.

गुलबक्षीचे बी काळ्या मिऱ्याएवढे असते. पोरे ते खिशात भरून आणतात. झेंडूचे वाळलेले फूल चुरगाळले की बी हातात येते. दसऱ्याच्या तोरणातले चार झेंडू पत्र्यावर वाळत टाकून पुढच्या वर्षीची तजवीज करणारी घरे खेड्यापाड्यांत आहेत. असे बी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना त्याच्याबरोबर नाव जावेच लागते: शेजारणीने मागितले, तर काहीतरी म्हणून मागावे लागते. पेट्यूनियाचे बी धुळीसारखे आहे. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे. त्याचे बोंड पिकून फुटले की वाऱ्याबरोबर बी उधळते; पसाभर बी कोणी कोणाला देऊ शकत नाही. ते पेरण्याचे तंत्रही मराठी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या पेरणीहून उलटे आहे. बी मातीखाली झाकायचे नसते, कारण ते रुजण्यास उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून भुसभुशीत, चाळलेल्या मातीवर शिंपडावे, हलक्या हाताने दाबावे, वरून झारीचे पाणी न देता पसरट भांडे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी आणि वर काच किंवा पातळ प्लॅस्टिक धरावे. वीस ते पंचवीस अंश सेल्सियसच्या उबेत आठदहा दिवसांत डोळ्यांना जेमतेम दिसेल असा अंकुर येतो. पहिले तीन आठवडे वाढ इतकी मंद असते की नवखा माणूस आशा सोडतो. ओल जास्त झाली तर रोपे देठाशी कुजून कोलमडतात. खरी पाने तीन-चार आली म्हणजे एकेक रोप काडीने उचलून वेगळे लावावयाचे, आणि पेरणीपासून फुलापर्यंत साधारण तीन महिने. ह्या कामात कौशल्य लागते आणि हे कौशल्य रोपवाटिकेत राहिले. घरापर्यंत आले ते फुललेले रोप, पाटीसकट.

विसाव्या शतकात बी घरापासून आणखी दूर गेले. जपानच्या साकाता कंपनीने १९३० च्या दशकात सर्व फुले दुहेरी येतील असा पेट्यूनिया बाजारात आणला व त्याच्या बियांना मोठी किंमत मिळाली. अमेरिकेत १९५२-५३ च्या सुमारास पहिल्या पिढीचे संकरित वाण सुरू झाले. दोन शुद्ध वाण दरवर्षी हाताने संकरित करून हे बी तयार करतात. त्यापासून आलेली सर्व झाडे सारखी असतात. पण त्या झाडांचे बी धरले तर पुढील पिढीत रंग, उंची, आकार सर्व विखुरते. लहान, फिकट, आजोबांच्या वळणाची फुले निघतात. १९८० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील जमिनीवर पसरणाऱ्या रानटी पेट्यूनियांचा उपयोग करून लोंबते वाण सिद्ध झाले. व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या सनटोरी ह्या जपानी कंपनीने १९८९ मध्ये ‘सर्फिनिया’ विकण्यास आणला. तो फांदीच्या कलमानेच वाढवितात. बियांपासून येणारा लोंबता वाण ‘पर्पल वेव्ह’ हा किरिन ह्या दुसऱ्या जपानी मद्य कंपनीने सिद्ध केला व १९९५ मध्ये त्यास अमेरिकेतील बियाणे-परीक्षणाचा पुरस्कार मिळाला. ‘वेव्ह’ म्हणजे लाट. येथे ध्वनी पुन्हा ‘वेल’च्या अगदी जवळ आलेला होता, आणि फूलही ह्या वेळी खरोखर पसरणारे, कुंडीच्या काठावरून हातभर खाली उतरणारे होते. बोगनवेलीचा प्रकार पुन्हा घडण्यास काहीच अडचण नव्हती. पण तो घडला नाही. आता पाकिटावर नावाबरोबर चित्रही होते, आणि चित्राकडे बोट दाखवून वस्तू मागता येत असेल तर शब्दाला कष्ट घेण्याचे कारण राहत नाही.

भारतात २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. संकरित पेट्यूनियाच्या बाबतीत हा हक्क कागदावर शाबूत असून व्यवहारात फारसा उपयोगाचा नाही. बी राखता येते, फूल राखता येत नाही. कापसाच्या संकरित बियाण्याचा अनुभव असलेल्या कोरपन्याच्या शेतकऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

ह्या उपपत्तीवर एक आक्षेप येईल. कॉसमॉस स्वतःचे बी स्वतः सांडतो व पावसाळ्यानंतर वाटेल तेथे उगवतो. डेलियाचे कंद एका घरातून दुसऱ्या घरात जातात. तरी दोघांची नावे परकीच राहिली. आक्षेप योग्य आहे. हातोहात जाणे हे नाव मिळण्यास पुरेसे नाही, एवढे मान्य केले पाहिजे. परंतु ‘कॉसमॉस’ व ‘डेलिया’ ही नावे मराठीत निदान स्थिर झाली आहेत. त्यांचे लेखन व लिंग ह्यांबद्दल बोलणारा चाचरत नाही. पेट्यूनियाच्या बाबतीत तो चाचरतो. ‘पेट्यूनिया लावला’ म्हणावे की ‘लावली’, हे एकाच घरातील दोन माणसे निरनिराळे ठरवितात, आणि जपून बोलणारा ‘पेट्यूनियाचे फूल’ म्हणून नपुंसकलिंगाच्या आडोशाला जातो. शेवंती, गुलबक्षी, सदाफुली स्त्रीलिंगी. झेंडू, गुलाब, मोगरा पुल्लिंगी. ह्यांत कोणाला शंका येत नाही. ज्या नामाचे लिंग ठरत नाही ते नाम भाषेत आले असले तरी उंबऱ्यावरच थांबले आहे असे समजावे. जुस्यूने पेट्यूनियात घातलेली दुसरी जात तर शास्त्रानेच पुढे काढून घेतली: तिच्या गुणसूत्रांची संख्या अठरा, पेट्यूनियाची चौदा. ती आता ‘कॅलिब्राकोआ’ ह्या प्रजातीत जमा आहे व त्याच नावाने टांगत्या कुंड्यांतून विकली जाते. ह्या नावाचा उच्चार करण्याच्या भानगडीत गिऱ्हाईक पडतच नाही.

आता गडचांदूरची चुनखडी. येथील काळ्या जमिनीत चुन्याचे खडे सापडतात आणि विहिरीचे पाणी जड असते. अशा मातीत लोह असते. पण ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते, आणि पेट्यूनिया हे लोह शोषण्यात फार दुबळे झाड आहे. परिणाम असा होतो की कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळ लोक हे पाण्याच्या कमतरतेचे लक्षण समजून आणखी पाणी घालतात. पाणी जड असल्याने त्याबरोबर चुना आणखी चढतो आणि रोप अधिकच पिवळे होते. उपाय साधे आहेत. कुंडीत शेतातली काळी माती न भरता कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा व वाळू ह्यांचे मिश्रण वापरावे. शक्य तर पावसाचे साठविलेले पाणी द्यावे. पाने पिवळी दिसू लागताच हिराकसाचे सौम्य पाणी पानांवर फवारावे. हिराकस चुनखडीच्या मातीत टाकला तर त्यातील लोह लौकरच निरुपयोगी होते, म्हणून पानांवर देणे बरे. पेरणी पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी, म्हणजे जानेवारीत फूल दिसते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जातो. त्याच्या कितीतरी आधी, एप्रिल लागता लागता, कुंडी आवरती घ्यावी लागते.

तंबाखूचे आणि चुन्याचे मात्र जमते, ते अगदी उलट कारणाने. चुन्याच्या क्षाराने तंबाखूतील निकोटीन मोकळे होऊन लौकर अंगात भिनते. पूर्व विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा सर्वत्र खाल्ला जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी असली तरी खर्ऱ्याची चटक सुटलेली नाही, आणि त्यापायी तोंडाच्या कर्करोगाने जाणारी माणसे ह्या जिल्ह्यांतील दवाखान्यांना नवी नाहीत. फुलाच्या दृष्टीनेही त्यात एक धोका आहे. तंबाखूच्या पानावर ठिपके पाडणारा एक विषाणू असतो. पान वाळले, कुटले, मळले तरी तो मरत नाही. तंबाखू मळलेल्या बोटांनी पेट्यूनियाचे कोवळे रोप उचलले की तो त्या रोपात शिरतो, पाने चितारल्यासारखी होऊन आकसतात, आणि अशा रोपावर इलाज नाही. ते उपटून टाकावे लागते. म्हणून रोपे वेगळी करण्यास बसण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत असे जाणते माळी सांगतात; काही जण बोटे साय काढलेल्या दुधात बुडवितात, कारण दुधातील प्रथिनांमुळे विषाणू निष्क्रिय होतो. खर्रा घोटून लगेच रोपांच्या वाफ्याशी बसू नये, एवढे तरी वसाहतीतील बागेत नव्याने लागलेल्या माळ्याला सांगून ठेवावे. पाटीवरचे नाव आणि हातातली पुडी ह्यांचे नाते त्याला कळले नाही तरी चालेल.